अबू फहदची रायफल

मुलगा नव्या बॅटला जवसाचं तेल चोळत बसला होता. तो वास आला आणि मी थेट आखातातल्या हवल्लीत, आमच्या मालकांच्या बैठकीत जाऊन पोचलो.

लढाई संपून काही वर्षं झाली होती. मालकांनी, म्हणजे अबू फहद यांनी, मला आणि फोरमन सावंतांना चहाला बोलावलं होतं. भिंतीवरची शिकारीची ऑस्ट्रियन रायफल त्यांनी काढून माझ्या हातात दिली. अक्रोडाच्या लाकडाला ताज्या तेलाचा वास होता. ते कोण चोळत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. बोल्ट ओढला, तर आवाज न करता सरकला. मालकांची मर्जी मिळावी म्हणून मी तोंडभरून कौतुक केलं.

"खलास, तुम्हारा हो गया," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

"साहेब, गप बसायचं ना!" सावंत मराठीत कुजबुजले. "इथे पाहुण्यानं एवढी तारीफ केली की वस्तू देऊन टाकतात. ती त्यांच्या फहदची आहे. लढाईत धरून नेलेला पोरगा अजून आला नाही."

अबू फहद म्हणजे फहदचे वडील. ते त्यांचं नावच समजून मी रोज तशी हाक मारत होतो.

"मुझे शिकार नहीं आता," कसंबसं म्हणत मी रायफल पुढे केली. झोपलेलं मूल घ्यावं तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि बाहीने माझ्या बोटांचे ठसे पुसले.