हिरव्या बिल्ल्याची परीक्षा

माझ्या मुलीने बारावीची परीक्षा एक वर्ष उशिरा दिली, तीही माणगावला. कारण कोणी विचारलं की ती सांगते, "अब्बांनी एका सौदी पोराला इंग्रजी शिकवलं म्हणून." हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक नाही, कारण ते तेव्हा सांगितलं असतं तर घरात मला जेवायला वाढणारं कोणी उरलं नसतं. आता मुलगी नोकरीला लागली आहे, बायकोचा राग तिच्या मधुमेहासारखा आटोक्यात आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी सौदीतल्या खमीस मुशैत शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात रजिस्ट्रेशनचं काउंटर सांभाळत होतो. पेशंट आला की नाव, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, विमा आणि दुखणं विचारायचं, फाईल उघडायची, टोकन द्यायचं आणि बस म्हणायचं. निम्मे लोक बसत नाहीत, त्यांना पुन्हा बस म्हणायचं. अरबी मी या काउंटरवरच शिकलो. इंग्रजी कॉम्प्युटरसाठी, हिंदी बाकी सगळ्या हिंदुस्थानासाठी, आणि मराठी स्वतःशी बोलायला, म्हणजे मुख्यतः शिव्या द्यायला. बंगाली मजुराला 'कुठे दुखतं ते बोटाने दाखव' एवढं बंगालीतही सांगता यायचं. याबद्दल मला कोणी कधी बिल्ला दिला नाही. मीही मागितला नाही, कारण असा बिल्ला असतो हेच माहीत नव्हतं.

मग सौदीकरण आलं, म्हणजे परक्यांना काढून त्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायची. आधी ते मोबाईलच्या दुकानांत आलं आणि आमच्याकडचे म्हसळा-श्रीवर्धनचे दुकानवाले एकेक करून घरी गेले. मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला जायचो आणि परत येताना वाटायचं, आपलं बरं आहे, आजारी माणसं काय सौदीच तपासणार का. डॉक्टर राहिले ते राहिले. काउंटरवाल्याला तपासावं लागत नाही हे वरच्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, इतकंच.

हुकूम असा होता की सरकारी शाळेतून बारावी झालेल्या सौदी मुलांना काउंटरवर घ्यावं, आणि ज्याला अरबी व इंग्रजी या दोन्ही भाषांत काम करता येईल त्याची परीक्षा घेऊन त्याच्या छातीवर हिरवा बिल्ला लावावा. बिल्ला म्हणजे पक्की नोकरी. परीक्षेला दोन संधी, दुसऱ्यांदा नापास झाला तर तो घरी आणि त्याच्या जागी नवा मुलगा. आमचा मॅनेजर जॉर्डनचा होता, सरळ माणूस. त्याने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मुलाला तू शिकवायचं, आणि ज्या महिन्यात त्याला बिल्ला लागेल त्याच महिन्याअखेर तुझं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. त्याच श्वासात त्याने चहा घेणार का, असंही विचारलं. मी घेतला. फुकटचा चहा नाकारण्याइतका राग मला अजून आला नव्हता.

राग घरी आल्यावर आला. मुलगी बारावीला होती, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये. बोर्डाचे पेपर मार्चमध्ये, आणि एकदा नाव नोंदवलं की केंद्र बदलत नाही. सौदीतच दम्मामला माझा मेहुणा होता, पण तिला तिकडे ठेवून उपयोग नव्हता. तिचा इकामा माझ्या इकाम्याला बांधलेला. माझा गेला की तिचा गेला. बायको म्हणाली, मार्चपर्यंत त्याला एबीसीडीच शिकवा.

मुलगा आला तो उंच, लाजरा, थंडीत थोबवर, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यावर, जाड जॅकेट घालणारा. शाळेत इंग्रजी शिकला होता म्हणे. म्हणजे त्याच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि याने ते उतरवून घेतलं होतं. तोंडाने बोलायची भाषा म्हणून इंग्रजीची त्याची गाठच पडली नव्हती. मला उस्ताद म्हणायचा. मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की याला धीम्या आचेवर शिजवायचं. पण माझा एक दोष आहे. कोणी चुकीचं बोललेलं मला ऐकवत नाही. तो चुकला की मी दुरुस्त करायचो, तो पुन्हा म्हणायचा, मी पुन्हा दुरुस्त करायचो, आणि संध्याकाळी घरी जाताना लक्षात यायचं की आज आपण पोराला सबंध विमा-अर्ज इंग्रजीत भरायला शिकवून बसलो. थंडी सुरू झाली तोवर तो फिलिपिनो नर्सांशी इंग्रजीत थट्टा करू लागला होता, आणि बस म्हटलं तरी न बसणाऱ्या पेशंटला थेट माझ्या आवाजात दरडावू लागला होता. बायकोला मी सांगायचो, मठ्ठ आहे.

त्याचा बाप फौजेतून निवृत्त झालेला. एकदा खजुराचा डबा घेऊन काउंटरवर आला आणि बिल्ला छातीच्या कुठल्या बाजूला लावतात ते विचारून गेला. डाव्या, असं मी सांगितलं. काहीतरी सांगायला हवं होतं.

परीक्षा जानेवारीत ठेवली. अडचण अशी की इंग्रजी बोलणारा, अरबी अजिबात न येणारा पेशंट खमीसमध्ये सापडेना. फिलिपिनोंना माझ्यापेक्षा चांगलं अरबी यायचं. गोरे इंजिनिअर त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात जायचे. मॅनेजरने विचार करून सांगितलं की पेशंट तूच हो. मी विलायतेचा माणूस, पोटात दुखतंय, अरबीचा एक शब्द येत नाही. मॅनेजर आणि एक सौदी साहेब बाजूला खुर्च्या टाकून बसणार आणि गुण देणार. अशा रीतीने माझी खुर्ची ज्याला द्यायची त्याच्यापुढे पोट धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं.

मी माझ्याकडून चोख उभा राहिलो. इंग्रजीत म्हणालो की सकाळपासून पोटात दुखतंय, डॉक्टर कधी भेटतील. पोराने माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. मग अरबीत म्हणाला, काय म्हणतोय हा? मी पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. त्याने इंग्रजीत "येस" म्हटलं आणि मला प्रसूती विभागाचं टोकन दिलं. सौदी साहेब खोकले. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला, पोराकडे नाही. इतके महिने तू काय केलंस, हे त्याच्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं.

मागच्या खोलीत नेऊन मी त्याला फैलावर घेतलं. गाढव म्हणालो, अरबीत आणि मराठीत. माझं नाक कापलंस म्हणालो. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तो स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता म्हणाला, "तुमच्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

मी दिवसभर काउंटरवरून बायकोशी फोनवर कुरकुरायचो, ते तो ऐकत होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण 'बोर्ड', 'मार्च', 'इकामा' आणि 'फायनल एक्झिट' एवढे शब्द कळायला मराठी यावं लागत नाही. बाकीचं त्याने नर्सांना विचारून घेतलं होतं.

मला गहिवरून आलं, हे लपवत नाही. मी खाली बघितलं आणि त्याला म्हणालो की चहा घे. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती आधी रडली आणि मग त्याच्यासाठी सांदणं करायला बसली. दुसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, त्याला म्हणावं पोटभर खा आणि असाच नापास हो. मुलगी अभ्यास करत होती, तिने मान वर न करता इंग्रजीत विचारलं की म्हणजे आपण मार्चपर्यंत आहोत ना? आहोत, असं मी सांगितलं. त्या आठवड्यात मला झोप चांगली लागली.

दुसरी संधी फेब्रुवारीत होती. हिशेब सोपा होता. तो पुन्हा नापास होणार, घरी जाणार, नवा मुलगा येणार, त्याला शिकवायला मी हवाच. मुलीचं वर्ष वाचलं.

मग त्याचा बाप पुन्हा आला. या वेळी खजूर नव्हते. गर्दी ओसरेपर्यंत तो बाकावर बसून राहिला, आणि पोरगा नमाजाला गेल्यावर उठून काउंटरशी आला. त्याने हळू आवाजात मला विचारलं, "तुलाही मूल आहे. खरं सांग, माझ्या मुलाच्या डोक्यात काही कमी आहे का?" म्हणाला की कमी असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. रियाधला भावाकडे पाठवतो, तिथे कुठल्यातरी गेटवर बसेल. उगाच हिरव्या बिल्ल्याची आशा दाखवून त्याला लाजवायला नको. नातेवाइकांत बोलणं सुरू झालंय की हिंदी माणसाने इतके महिने डोकं फोडलं तरी याला कळत नाही.

मी म्हणालो, कमी काही नाही, हुशार आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. फौजी माणूस, डोळे न हलवता बघणारा. मग पास का होत नाही, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. तो नुसता मान हलवून गेला, आणि मी दिवसभर पेशंटांवर ओरडत राहिलो.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की माझ्यातला सज्जन जागा झाला. तसं काही नव्हतं. माझ्यात तो फारसा राहत नाही. मला चीड आली होती. मी शिकवलेलं पोरगं रियाधच्या कुठल्याशा गेटवर बसणार, आणि जन्मभर स्वतःच्या बापालाही मठ्ठ वाटणार, हे मला सोसेना. मुलीचं वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी परीक्षा देता येते. मठ्ठपणाचा शिक्का पुढच्या वर्षी पुसता येत नाही. हे सगळं मी बायकोला सांगितलं नाही. तिचं उत्तर मला माहीत होतं आणि ते बरोबर होतं.

मी पोराला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी नीट बोल. तो म्हणाला, इन्शाल्ला. इतकी वर्षं तिथे काढल्यावर कुठल्या इन्शाल्लाचा अर्थ हो आणि कुठल्याचा नाही, हे सुराने कळतं. हा 'नाही'वाला होता. मी बापाचं सांगितलं, तर म्हणाला, माझा बाप माझा आहे, मी बघेन. मी रागावलो, समजावलं, शेवटी धमकीही दिली. धमकी कसली द्यायची हे मात्र सुचेना, कारण वाईटात वाईट म्हणजे मी त्याला नापास करवलं असतं, आणि तेच तर त्याला हवं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बाहेर धुकं होतं. खुर्च्या मांडल्या, मॅनेजर आणि सौदी साहेब बसले. मी पोट धरून काउंटरपुढे उभा राहिलो आणि विलायतेचा माणूस झालो. पोराने त्याचा तो कोरा चेहरा लावला. सकाळपासून दुखतंय, मी म्हणालो. तो छताकडे बघू लागला. मॅनेजरने पेनाचं टोपण लावलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने निकाल झाला होता.

मग मी पोट सोडलं आणि इंग्रजीत आवाज चढवला. तुला कोणी शिकवलं, असं विचारलं. तो टकला हिंदी? मी ऐकून आहे त्याच्याबद्दल. पक्का लबाड माणूस. स्वतःची खुर्ची टिकावी म्हणून त्याने तुला मुद्दाम काही शिकवलं नाही. त्याला स्वतःलाच काही येत नाही, तर तो तुला काय शिकवणार. असल्या माणसाला हाकलूनच द्यायला हवं.

पोराच्या मानेवरची शीर उभी राहिली. तो खुर्चीतून उठला. "सर," तो इंग्रजीत म्हणाला, आणि आवाज अगदी माझा होता, "आधी तुम्ही खाली बसा. तुमचं टोकन मी देतो, तुमचा विमा मी बघतो, तुम्हाला पोटाच्या डॉक्टरकडेही मी पाठवतो. पण ज्या माणसाबद्दल तुम्ही बोलताय, त्याला माहीत होतं की मी शिकलो तर त्याची खुर्ची जाईल. तरी त्याने शिकवलं. मी चुकलो तर तो शंभरदा सांगायचा. तुम्ही त्याला ओळखत नाही. तेव्हा त्याच्याबद्दल बोलू नका."

मॅनेजरने पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. सौदी साहेबांना इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण त्यांनी मान डोलावली. पोरगं अजून धापा टाकत होतं. मग त्याने मॅनेजरच्या लिहिणाऱ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. काय झालं ते त्याला तेव्हा कळलं. तो काउंटरवर पुढे वाकला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात अरबीत म्हणाला, "उस्ताद, हे काय केलंत तुम्ही? आता मुलीचं काय?"

मॅनेजर अजून लिहीत होता. परीक्षा संपली नव्हती आणि मी अजून पेशंट होतो. मी पुन्हा पोट धरलं आणि इंग्रजीत म्हणालो, "माफ करा, मला अरबी येत नाही."