चातुर्मासापुरतं पोट

दिपमालाचं पोट वर्षातले चार महिने गप्प असायचं. उरलेले आठ महिने ते नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, दिवसातून चारदा जाऊन आलं तरी मोकळं वाटायचं नाही. एरंडोलजवळच्या त्या घरात तिला सून म्हणून येऊन बावीस वर्षं झाली होती. एका लग्नात कुणी बाईने हसत विचारलं होतं, "कितवा महिना गं?" दिपमाला तेव्हा चाळिशीला आलेली होती आणि तिला मूल झालंच नव्हतं.

बरे जायचे ते चातुर्मासाचे चार महिने. सासू भागाबाई, सगळ्यांच्या अक्का, घरात कांदा-लसूण बंद करायच्या, वांगं बंद. ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या कळण्याची भाकर वांग्याच्या भरताबरोबरच खायची, म्हणून तीही बंद. "देव सांभाळस मन्ही सूनले," अक्का गल्लीभर सांगायच्या. चातुर्मास संपून चंपाषष्ठीला भरताचा नैवेद्य झाला की दोन दिवसांत कळा सुरू. मग अक्का म्हणायच्या, "मन साफ नही तुन्हं."

पौषात वजन त्रेचाळीस किलोवर आलं तेव्हा नवऱ्याने, नवलने, तिला जळगावला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "बरं कधी वाटतं?" उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कांदा, लसूण, उडीद, गहू यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे जाऊन त्या आंबतात, पीठ आंबतं तशा. वायू धरतो. होतं सगळ्यांनाच, तुमच्या आतड्याला ते सोसत नाही. सहा आठवडे हे बंद करा, मग या."

एसटीत दिपमाला पदर तोंडाशी धरून रडली. मन साफ नसल्याचा आरोप तिने बावीस वर्षं खरा मानला होता.

घरात पाऊल टाकताच, शेजारची रत्ना बसलेली असताना, ती बोलून गेली, "अक्का, ते देवनं काम नव्हतं. कांदा बंद व्हता म्हणून बरं वाटे."

"म्हणजे मन्हा देव खोटा?"

"तसं नही अक्का..."

"डॉक्टर खरा! मांड मग येगळी चूल. सांग बठ्ठा गावले, सासूनी पोट बिघाडं!"

दिपमालाने नुसती ज्वारी दळून आणली, गॅसवर एक लहान पातेलं वेगळं ठेवलं. चार दिवसांत रत्नामार्फत गल्लीला कळलं, नवलच्या बायकोने घर फोडलं. अक्कांनी सुनेच्या हातचं पाणीही सोडलं.

"सहा आठवडे भाऊकडे जाय ना, सोनगीरले," नवल म्हणाला. त्रेचाळीस वर्षांची बहीण स्वतःचं पातेलं घेऊन आली तर वहिनी काय म्हणेल, हे दिपमालाला पुरतं माहीत होतं. ती गेली नाही. पाचव्या दिवशी नवलने कळण्याची भाकर आणि लसणाची चटणी तिच्यापुढे सरकवली. "खाय. घर मोडू नको."

तिने खाल्लं. दोन दिवस ती गोठ्यात पोट दाबून वाकून बसली होती.

तिसऱ्या दिवशी तिने न्हाऊन देवापुढे दिवा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्का, मी कांदा, लसूण, उडीद, गहू सोडं. देवना नावनं. जलमभर."

अक्कांचे डोळे भरून आले. "आते सुचनं तुले!" त्यांनी स्वतः ज्वारी निवडली, वेगळी दळायला पाठवली, सुनेसाठी वेगळं पातेलं आपल्या हाताने चढवलं. त्याला वेगळी चूल कुणी म्हटलं नाही. रत्ना तर दिपमालाच्या पाया पडून गेली.

पोट शांत झालं. सात आठवड्यांनी डॉक्टर खूश होते, पण वजन बघून त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. एकेचाळीस.

"आता एकेक परत सुरू करायचं. आधी अर्धी पोळी, मग थोडा कांदा. जे सोसेल ते ठेवायचं. सगळं कायमचं सोडलं तर अंग कसं धरणार?"

"तिचा नेम आहे, डॉक्टर," नवल कौतुकाने म्हणाला. "जन्मभराचा."

"मग मोडा तो."

दिपमालाने दाराकडे पाहिलं. "अक्का बाहेर बसल्यात," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.