अक्कांची सावली

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांचं आणि माझं पटत नाही म्हणणं खोटं होईल, आणि पटतं म्हणणं त्याहून खोटं. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून गॅस कुणी चालू ठेवला इथपर्यंत आमचं सगळ्यावर भांडून झालंय. त्या फटकळ, मी तिखट. आमचे हे हुबळीतल्या केशवापूरच्या घरातून सकाळी लवकर दुकानाला पळतात ते त्यासाठीच, असं माझं पक्कं मत आहे. दुकान स्टीलच्या भांड्यांचं. भांड्याला भांडं लागणारच, हे ते तिथं शिकले असावेत.

गोष्ट मे महिन्याच्या सुरुवातीची. गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले होते. भर दुपारी अक्का कधी वर जात नाहीत, फरशीनं पाय भाजतात. पण त्या दिवशी माकडांचा दंगा ऐकू आला आणि त्या काठी घेऊन धावल्या. माकडं पळाली. अक्का खाली आल्या त्या गप्प. अक्का आणि गप्प! मला वाटलं, ऊन लागलं. लिंबू सरबत करून दिलं, ते त्यांनी मुकाट्यानं पिऊन टाकलं. साखरेवरून एक शब्द नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात भलताच कारभार सुरू झाला. कामवालीला चांगली इरकल साडी काढून दिली. शेजारणीला पितळेचा डबा. उरलेल्या पिठाचे पापड लाटूया म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे ग. कोण खायला असणार आहे?" उन्हात तर पाऊल टाकायला तयार नाहीत, तुळशीला पाणीसुद्धा दारातूनच. आणि रात्री ब्लडप्रेशरची गोळी हातावर ठेवली, तर ती त्यांनी परत डबीत टाकली. "वाया कशाला घालवायची?"

ब्लडप्रेशर म्हणजे काय खेळ आहे? डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, एक दिवस चुकवायची नाही. दोन दिवस मी गोड बोलून पाहिलं. गोड बोलणं मला फार वेळ जमत नाही. तिसऱ्या दिवशी मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "अक्का, साकु आता! पुरे झाली नाटकं. काय झालंय ते सांगा, नाहीतर मी लेकाला दुकानातून बोलावते."

अक्कांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझी सावली गेली."

त्या दुपारी माकडांवर काठी उगारली तेव्हा त्यांचं लक्ष खाली गेलं. डोक्यावर लख्ख ऊन, आणि पुढं, मागं, कडेला सावली कुठंच नाही. ज्याला आपली सावली दिसत नाही त्याचे सहा महिने उरले, असं त्यांची आई सांगायची.

आणि मी हसले. अगदी खळखळून. कारण मला ते गणित माहीत होतं. धारवाडच्या कॉलेजात बी.एस्सी. केलेली बाई मी, दुकानात कधी चमचे विकायला बसले तरी शिकलेलं पार गंजून गेलेलं नाही. "अय्यो अक्का, तो शून्य सावलीचा दिवस होता! सूर्य बरोब्बर डोक्यावर आला म्हणून सावली पायाखाली गेली. तुमची, माझी, माकडाची, सगळ्यांची!"

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

इथं मात्र चूक माझी. आमचं घर हुबळीत, पण वाचायचं ते सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं. मराठी पेपर पलीकडचा, कॅलेंडर पलीकडचं, व्हॉट्सॲपवरचे मेसेजही अक्कांच्या कोल्हापूरच्या माहेरचे. त्या मेसेजात शून्य सावलीची तारीख आली होती ती कोल्हापूरची. मी ती मनात धरून बसले होते, की त्या दिवशी अक्कांना गच्चीवर नेऊन गंमत दाखवू. पण सूर्य दक्षिणेकडून वर येतो, त्याला हुबळी आधी लागते. न सांगता आला आणि माझ्या सासूला घाबरवून गेला.

मग मी कणकेचा गोळा घेतला. ही पृथ्वी. त्यात एक लवंग खोचली, ही हुबळी. तिच्या थोडी वर दुसरी, ते कोल्हापूर. मोबाइलची बॅटरी झाला सूर्य. बॅटरी हुबळीच्या बरोबर समोर धरली, लवंगेची सावली गुडूप. कोल्हापूरच्या लवंगेला मात्र इवलीशी होती. "पृथ्वी जराशी कलून सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्य कधी उत्तरेकडं सरकल्यासारखा दिसतो, कधी दक्षिणेकडं. उत्तरायण म्हणता ना तुम्ही, तेच हे." खरं तर तो संक्रांतीच्या आधीच वळलेला असतो, पण तो वाद त्या दिवशी कोण काढणार? "असा तो कर्कवृत्तापर्यंत जातो आणि माघारी फिरतो. दिल्लीवाले त्याच्याही वर, त्यांच्या डोक्यावर तो कधीच येत नाही. आपल्याकडं वर्षातून दोनदा येतो. परतीच्या वेळी ऑगस्टात ढग असतात, म्हणून कळत नाही इतकंच."

अक्कांनी सगळं नीट ऐकलं. लवंगेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लवंगेला मरण नसतं ग."

मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं ह्या बाईला वैतागून मनातल्या मनात काय काय बोलले असेन, आणि आता ती खरंच मरायला बसली होती.

तेवढ्यात डोक्यात आलं, सूर्य अजून कोल्हापूरला पोचायचाय! आमच्या गाडीच्याच वाटेनं जातोय, रोज थोडा थोडा. आपण त्याच्या आधी तिथं पोचू शकतो. अक्कांना म्हटलं, "कोल्हापूरला चला. तिथं डोळ्यांनी बघा." त्या लगेच तयार झाल्या. "चल. भावाला शेवटचं भेटून घेते."

आमच्या ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही निघालो. गाडीत मी चारदा गोळी पुढं केली, चारदा त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांच्या भावाच्या, म्हणजे मामांच्या अंगणात मी स्टीलचा पेला पालथा ठेवला. त्याची सावली हळूहळू आखडत होती. अक्का दारात, पायरीच्या आत, खांबाला धरून उभ्या. "ये अक्का," मामांनी हाक मारली. नाही. ह्यांनी हाक मारली. नाही. मग मीच अंगणाच्या मधोमध जाऊन ताठ उभी राहिले. तळव्यांना चटके बसत होते. पेल्याची सावली पेल्यात शिरली आणि माझीही पायाखाली गेली.

"बघा अक्का! बघा आता!"

त्यांनी बघितलं. माझ्या पायांकडं, मग चारी बाजूंना. आणि अशा किंचाळल्या की मामांच्या हातातली काठी पडली. "अगं ये आत! आधी आत ये तू!" इतके दिवस ज्या उन्हात पाऊल टाकायला तयार नव्हत्या त्या धावत अंगणात आल्या, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत छपराखाली नेलं. धापा टाकत वर बघून ओरडल्या, "म्हातारी मी आहे! मला ने की! हिला कशाला?"

"अक्का," मी म्हटलं, "म्हणजे मीही मरणार का आता?"

"थोबाड फोडीन तसलं बोललीस तर."

मग त्या थांबल्या. अंगणातल्या पेल्याकडं पाहिलं. उन्हात तसंच उभ्या असलेल्या मामांकडं, लेकाकडं पाहिलं. सावली कुणालाच नव्हती. मला हुंदका आवरेना, तो मी आवरलाही नाही.

"माझी गेली तेव्हा मला पटलं होतं," अक्का म्हणाल्या. "तुझी गेली म्हणून तू मरशील, हे काही मला पटत नाही. तेव्हा तुझंच खरं असणार. आण ती गोळी."