निघायच्या आधी फोन

"घेऊ नका, पण बसा!" गुलमंडीतल्या आमच्या साडीच्या दुकानात पायरीशी घुटमळणाऱ्या बाईला माझे थोरले भाऊ असं म्हणायचे. बसलेली बाई रिकाम्या हाती उठली, असं क्वचितच झालं. वीस वर्षं त्यांच्या शेजारी गादीवर बसून मी साड्या उलगडल्या. त्यांचे गुडघे ठणकत असले तरी गिऱ्हाईक दिसलं की हे ताठ. "आपलं दुखणं लोकाला कशाला दाखवायचं?"

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी भाकरी उतरेना, मग भात, मग नुसती पेज उरली. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पाण्यात विरघळवून घ्यायच्या. बजावलं, दुखो न दुखो, घड्याळ बघून घ्या.

वहिनींचा मला एकच निरोप असे, "भाऊजी, निघायच्या आधी फोन करा." मी चेष्टा करायचो, "अपॉइंटमेंट लागते वाटतं आता!" गेलं की हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसलेले. "एकदम मजेत हाय. दुकानाचं सांग."

एकदा फोन न करताच गेलो. ते पलंगावर गुडघ्यांवर ओणवे होऊन, उशीत तोंड खुपसून कण्हत होते. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं. "तुमचा फोन आला की गोळी घेतात. अर्ध्या तासात उतार पडतो. डॉक्टरकडं जाताना बी तसंच. एरवी म्हणतात, कोण हाय बघायला?"

मला त्यांचा भयंकर राग आला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी गोळी वेळेवर घ्यायला पुन्हा बजावलं. पण घेतली तर ना! भांडलो, तर "व्हय, व्हय" म्हणाले आणि गोळी वाटीत तशीच राहिली.

मग वहिनी आणि मी लबाडी ठरवली. गोळीची वेळ झाली की मी दुकानातून फोन करायचो, "निघालोय." ते गोळी घ्यायचे. लग्नसराई होती, मला बहुतेकदा जाता यायचं नाही. वहिनी हळूच सांगायच्या, "घेतली. पण दाराकडं बघत बसलेत." चार दिवसांत त्यांनी ओळखलं असणार. माणूस ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण कधी बोलले नाहीत.

त्या दुपारी मी असाच "निघालोय" म्हणालो आणि एका नवरीला शालू दाखवत बसलो. चार वाजता वहिनींचा फोन आला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता खरंच या."