घोडीच्या शेपटीचा केस

छत्तीसगढात, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत माझी आई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती: जवसाची चटणी आणि चामखीळ पाडणं. कोणाच्या मानेवर, बोटावर चामखीळ उगवली की बाया पोराला धरून आमच्या क्वार्टरमध्ये आणत. आई घोडीच्या शेपटीचा लांब केस काढायची, चामखिळीच्या बुडाशी आवळून गाठ मारायची आणि म्हणायची, "हात लावू नको, आपोआप पडते." बहुतेक वेळा पडायचीही. नाही पडली, तर पोरानं हात लावला असं ठरायचं.

केस आणायचं काम माझं. कॉलनीमागे, यार्डाच्या भिंतीला लागून एका छत्तीसगढी म्हाताऱ्याचं कौलारू घर होतं. सगळे त्यांना कका म्हणत, तिकडे काकाला तसंच म्हणतात. दोन गाई, एक कालवड आणि लग्नाची पांढरी घोडी, सगळी एकाच छपराखाली. ककांचा ब्रशही एकच, आधी गाईंच्या अंगावरून फिरायचा, मग घोडीच्या. मी केस मागितला की म्हणायचे, "दू ठन ले जा, फेर पाछू झन ठाढ़ होबे." दोन ने, पण मागे उभी राहू नकोस. भिंतीपलीकडे डबे धडाधड आदळत, शंटिंग चालू असे, पण घोडी कानसुद्धा हलवायची नाही. शेण, भिजवलेले हरभरे आणि डिझेल यांचा तो मिळून येणारा वास मला अजून आठवतो. चांगला म्हणता येणार नाही, पण मला फार आवडायचा.

छत्तीसगढ राज्य नवीन होतं तेव्हा भाऊ पोलादाच्या प्लांटात लागला आणि त्याचं लग्न प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दहामधल्या मुलीशी ठरलं. बाबा रेल्वेत फिटर होते, कशाचा हट्ट धरणारे नव्हते. हा एकच धरला, वरात घोडीवरून, आणि तीही ककांच्याच घोडीवरून. विदर्भातल्या आमच्या गावात आमच्या लोकांनी घोडीवर बसायचं नाही असा दंडक होता. आजोबा आपल्या लग्नात बसले, तर वेशीपाशी त्यांना खाली उतरवलं आणि पायी नेलं. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं, बुद्धवंदना झाल्यावर, चहा पिता पिता. परत कधी तो विषय काढला नाही.

लग्नाला चारेक महिने होते तेव्हा घोडीलाच चामखीळ आली. पुढच्या पायामागे, खोगिराचा पट्टा आवळतात तिथे, चिंचोक्याएवढी. कालवडीच्या मानेवर तर आधीपासूनच होत्या. ककांनी आईला बोलावलं. आई पदर खोचून निघाली. "अख्ख्या कॉलनीले हिचा केस लागला, आता हिलेच लागला," म्हणाली आणि घोडीच्याच शेपटीचा केस घोडीच्या चामखिळीला आवळून आली. चामखीळ पडली. आईची मान दोन बोटं वर गेली.

महिन्याभरात त्याच जागी लालभडक गाठ वर आली, टमाट्याएवढी. तिच्यातून रक्त यायचं, माश्या उठायच्या नाहीत. आई रोज जाऊन पाहायची आणि घरी येऊन गुपचूप भांडी घासत बसायची.

शेवटी बाबांनी दुर्गहून जनावरांचा डॉक्टर आणला. त्याने गाठ पाहिली, मग कालवडीची मान पाहिली. म्हणाला, गाईला ज्या विषाणूमुळे चामखीळ येते, तोच माश्यांवाटे किंवा एका ब्रशातून घोड्याच्या कातडीत जातो. कालवडीची आपोआप झडून जाईल. घोड्याच्या कातडीत मात्र त्याची गाठ होते, कातडीचा कॅन्सरच म्हणा. पोटात, फुप्फुसात सहसा जात नाही, पण अर्धवट काढली की दुप्पट जोराने येते. "इसको छेड़ा किसने?" त्याने विचारलं. कका आभाळाकडे बघू लागले. आईच पुढे झाली. "मी," म्हणाली.

त्या दिवशी कॉलनीतल्या बायांनी आपापल्या पोरांच्या माना उजेडात धरून तपासल्या. डॉक्टर हसला. माणसाच्या चामखिळीचा विषाणू वेगळा, घोडीचा तुम्हाला लागत नाही, म्हणाला. पोरांच्या चामखिळी तर पुष्कळदा आपोआपच जातात, हेही सांगून टाकलं. ते तेवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं असं मला आईकडे बघून वाटलं.

त्याने गाठ खोलवर कापली आणि गाई फळवायचं वळूचं बीज टिकवायला दवाखान्यात ठेवतात ते वाफाळणारं, बर्फाहून थंड नायट्रोजन लावून बूड गोठवलं. जखम भरेपर्यंत खोगीर नाही, पट्टा घासला तर गाठ परत येईल, असं बजावून गेला. लग्न तोंडावर आलं होतं. दुसऱ्या घोड्या कधीच ठरून गेल्या होत्या.

कका स्वतः घरी आले. पट्टा ढिला बांधू, खाली कापूस घालू, म्हणाले. त्यांना बाबांचा हट्ट माहीत होता. भाऊ म्हणाला, "रहने दो ना बाबा, मी कार सांगतो." बाबा उठून ककांच्या अंगणात गेले, मी मागोमाग. त्यांनी पट्टा उचलला आणि घोडीच्या पोटाला नुसता टेकवून पाहिला. डब्यांच्या आदळण्याला कान न हलवणारी घोडी थरथरली आणि अंग चोरून भिंतीला चिकटली. बाबांनी पट्टा खाली ठेवला, तिथल्या खाटेवर बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला त्यांची फार कीव आली.

"पोरगा पायी चालन," शेवटी म्हणाले. "घोडी संगं चालन."

घोडी पुढे बरीच वर्षं जगली, गाठ परत आली नाही. आईने मात्र पुन्हा कोणाला केस बांधला नाही, चटणी तेवढी चालू ठेवली. आता कका नाहीत, घोडी नाही, यार्डाच्या भिंतीपाशी मोटरसायकली उभ्या असतात. मी तिथून गेले की उगाच रेंगाळते.

वरातीच्या दिवशी ककांनी घोडीला टेम्पोतून सेक्टर दहाला आणलं. कपाळावर कलगी, पाठ उघडी. पुढे बँड, मग बाबा तिचा लगाम धरून, मागे भाऊ फेटा बांधून पायी. वळणावर नवरीच्या मामांनी अडवलं. "घोडी रिकामी कावून आणली जी?"

"तिले बरं नाही," बाबा म्हणाले. मग थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "आमाले कोनी उतरवलं नाही, मामाजी. आमी आमच्या मनानं चालून राहिलो."

आणि बँडवाल्याला म्हणाले, वाजव.