रेघेबाहेरचा ओ

अप्पा माझ्या फ्लेक्सच्या दुकानाची पायरी चढायचे नाहीत. सोलापुरात त्यांनी जन्मभर ब्रशनं पाट्या रंगवल्या. पाटीला हात लावण्याआधी चपला काढायच्या, हा त्यांचा नेम. आणि पोटच्या पोरीनंच छपाईचं मशीन आणलं! रोज संध्याकाळी ते समोरच्या चहाच्या टपरीवर माझ्याकडे पाठ करून बसायचे. मीही त्यांचीच लेक, हाक मारली नाही. पण जीव सगळा त्या पाठीकडे.

माझं गिऱ्हाईक म्हणजे वाढदिवसवाले. अक्षराला सावली हवी, सावलीला सोनेरी काठ हवा, आणि मधोमध गॉगल लावलेले दादा. त्यामुळं एक चादरवाला ‘साधं, स्वच्छ इंग्रजी अक्षर लावा’ म्हणाला, तेव्हा त्याची दृष्ट काढावीशी वाटली. मी लगेच हेल्व्हेटिका काढला. गेल्या शतकातला हा स्वित्झर्लंडचा फॉन्ट, अक्षरांना ना शेपट्या ना झालर. आधी नाव वेगळंच होतं. परदेशात खपावा म्हणून देशाच्या लॅटिन नावावरून नवं ठेवलं. विमानावर तोच, भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर तोच, मग चादरीच्या दुकानावर का नको?

इंग्रजीत सोलापूर टाइप केलं, अक्षरांच्या वर-खाली आखणीची रेघ लावून मोठं करून बघते तर काय, ओ रेघेच्या वर-खाली केसभर बाहेर! एवढा नावाजलेला फॉन्ट आणि ही बेशिस्त? मी ओ छाटून रेघेत बसवला. स्वित्झर्लंडची चूक सोलापुरात सुधारली म्हणून स्वतःवर खूशही झाले.

बोर्ड छापून दाराशी टेकवला. चादरवाला आला, मान वाकडी करून बघत राहिला. काहीतरी खटकतंय म्हणाला, पण काय ते त्याला सांगता येईना, मलाही दिसेना. तेवढ्यात अप्पा चहाचा कप घेऊन रस्ता ओलांडून आले आणि बोर्डासमोर उभे राहिले.

“ओ बुटका झालाय. गोल अक्षर रेघेच्या जरा भाईर सोडावं लागतं, न्हायतर डोळ्याला बारकं दिसतं.”

लाज वाटली, पण खरं ते सांगितलं. फॉन्टमधे तसंच होतं, छाटलं मी.

अप्पा थबकले. “म्हंजे त्यांनी बी भाईर सोडलाय व्हय?”

“तुमच्यासारखाच. वर येऊन बघा की.”

अप्पांनी कप चादरवाल्याच्या हातात दिला, आणि पायरीशी चपला काढल्या.