खेचरावरची ताडपत्री

थर्झा रेनिसन माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायची. मालडब्यांवर घालायच्या ताडपत्र्या आम्ही बायका रेल्वेच्या कारखान्यात शिवायचो.

तिचा नवरा सेप खाणीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर इंजिन चालवायचा. मालगाड्यांसाठी एकाच आराखड्यावर बांधलेल्या त्या इंजिनांना आमच्याकडे सगळे खेचरं म्हणत. सहाही चाकं सारखी, दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. सगळा भार त्यांच्यावरच, म्हणून ओल्या चढावरही सहसा घसरायची नाहीत. वाफही भरपूर धरायची. ती चालवणाऱ्या माणसांचा विचार तेवढा राहून गेला होता. समोर एक पत्रा, वर हातभर छप्पर, मागे सगळं उघडं. वर खाणीपाशी इंजिन फिरवायची सोय नव्हती, त्यामुळे उतरताना ते उलटं, कोळशा-पाण्याचा डबा पुढे करून यायचं. समुद्रावरचा वारा, गारा आणि कोळशाची भुकटी सरळ तोंडावर.

सेपचा खोकला वाढला, तेव्हा थर्झा म्हणाली, "छपराच्या मागे बांधायला एक ताडपत्री शिवून देते."

"म्हणजे लोक मला परकरातला ड्रायव्हर म्हणतील! माझा बापही असाच भिजला."

"आणि पन्नाशी न बघताच गेला."

तिने टाकाऊ तुकड्यांतून ताडपत्री शिवली आणि सेपला न विचारता त्याच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला, ज्यूडला दिली. ज्यूडने ती बांधली. आधी सगळे हसले, मग एकेकाची बायको तशीच ताडपत्री मागायला थर्झाकडे येऊ लागली.

पण रेल्वेच्या इन्स्पेक्टरने ती काढायला लावली. "मागचं काही दिसत नाही, बाई. सिग्नल चुकला तर?"

"खरंय त्याचं," थर्झा मला म्हणाली. मग तिने मधला भाग मोकळा ठेवून दोन्ही बाजूंना अरुंद पडदे शिवले. इन्स्पेक्टरने हो म्हटलं नाही, पण पुन्हा अडवलंही नाही.

सेपला मात्र उशीर झाला होता. डॉक्टरने त्याला इंजिनावरून उतरवलं आणि त्याला रेल्वेचे कंदील साफ करायच्या खोलीत काम मिळालं. कितीतरी दिवस तो घरात बोलला नाही.

"डॉक्टरपुढे तो खोकला दाबून बसला होता," थर्झा शिवता शिवता म्हणाली. "रात्री रक्त पडतं, हे मीच सांगितलं. त्याला कळलंय."

पुढे खेचरांना नवे बॉयलर बसवले, तेव्हा काहींच्या कोळशाच्या डब्यावर पत्र्याची पाठभिंतही आली. ज्यूड आता ड्रायव्हर झाला होता. त्याने सेपला मुद्दाम बोलावून वर चढवलं. सेपने भिंतीवरून हात फिरवला.

"कोंडल्यासारखं होतंय. झोप लागेल इथे."

"मग झोप की! तुला कोण उठवतंय?" ज्यूड म्हणाला.

सेप हसला. खाली उतरून थर्झाला म्हणाला, "या पोराचे कान तरी वाऱ्यात शाबूत राहतील."

रविवारी दोघं रुळांच्या कडेने फिरायला जायची. खेचर आलं की सेप बोलता बोलता थांबायचा. थर्झा काही न विचारता बाजूला उभी राहायची. धूर वळणाआड गेला की तो तिचा हात धरायचा आणि दोघं चालू लागायची.